एका दिवसाचं रोमन नाणं

मलकापूरच्या अलीकडं माझ्या मामांचं उसाचं रान होतं. फौजेतून हवालदार म्हणून परतल्यावर ते शेतीच बघायचे. मी तेव्हा साताऱ्याला इतिहास घेऊन बी.ए. करत होते आणि सुट्टी लागली की मामांकडं जायचे.

त्या वर्षी कोवळ्या उसात भांगलण चालली होती. सात-आठ बायका ओळीनं तण काढत होत्या. त्यांतली सगळ्यांत थोरली, तिला आम्ही मावशी म्हणायचो, मध्येच थांबली. खुरप्याला काहीतरी लागलं होतं. माती झटकून, पदरानं पुसून ती बांधावर माझ्याकडं आली.

"तू शिकतीस न्हवं? ह्यो कुठला रुपाया, बघ बरं."

चांदीचं नाणं होतं, नखाएवढं. एका बाजूला मोठ्या नाकाचा पुरुष, भोवती झिजलेली अक्षरं. मामांनी ते संध्याकाळी सोनाराकडं नेलं. त्यानं तोलून सांगितलेली किंमत ऐकून मामा हिरमुसले. मी मात्र मोबाईलवर फोटो काढून आमच्या सरांना पाठवला होता. त्यांचा लगेच फोन आला, "घेऊन ये, आणि घासू नकोस."

मावशी यायला तयार नव्हती. रोजगार बुडाला असता. मामा म्हणाले, "सापडलं तुला. तू न्हाई आलीस तर आमी काय सांगायचं?" मग आम्ही तिघं एसटीनं साताऱ्याला गेलो. मावशीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि नाणं हातरुमालात बांधून कमरेला खोचलं होतं.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "रोमन आहे. डिनेरियस. व्यापाऱ्यांबरोबर इकडं आलं असणार, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी."

"किंमत काय येईल?" मामांनी विचारलं.

"आजची विचारू नका, हे सरकारजमा करायचं असतं. तेव्हाची सांगतो. रोममध्ये मजुराची दिवसाची मजुरी साधारण एवढी. हे मोडलं की तांब्याची सोळा नाणी यायची. त्यातल्या दोनात पावाची एक लादी. एकात साधी दारू. आणि सार्वजनिक हमामात अंघोळ करायची तर तांब्याच्या एका नाण्याचा चौथा हिस्सा."

"आणि शिपायाला?"

"दिवसाला एवढंही पडत नसे. त्यातनं परत जेवणाचे, कपड्यांचे, हत्यारांचे पैसे कापून घ्यायचे."

मामा मोठ्यानं हसले. "हत्याराचं बी? मग आमी बरं हुतो म्हणायचं."

मावशीनं हळूच विचारलं, "बाईला बी एवढंच द्यायचे का?"

सरांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "माहीत नाही, मावशी. बायकांच्या मजुरीचं फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही."

तिनं मान डोलावली, जणू तिला तेच अपेक्षित होतं.

दुसऱ्या दिवशी नाणं तहसील कचेरीत दिलं. कारकुनानं पावती लिहिली, 'जुने नाणे, नग एक', आणि मावशीचा अंगठा घेतला. पावती तिनं घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

घरी आल्यावर मामांनी तिला त्या दोन दिवसांची मजुरी दिली. तिनं नोटा मोजल्या आणि काही परत केल्या. "जास्त आल्यात. ही गड्याची हजेरी हाय."

"असू दे," मामा म्हणाले. ते उठून गोठ्याकडं गेले.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या भांगलणीला सगळ्या बायका रानात न उतरता बांधावर उभ्या राहिल्या, गड्यांएवढी हजेरी द्या म्हणाल्या. मामा म्हणाले की एवढं परवडणार नाही. मामी स्वयंपाकघरातनं बाहेर आली. "आवं, दोन हजार वर्षांमागं बाईला काय द्यायचे ते ठाऊक न्हाई, ते ठीक. आता काय देताय ते तरी ठाऊक हाय न्हवं?" बरीच घासाघीस झाली. शेवटी बायकांची हजेरी वाढली, पण गड्यांएवढी नाही झाली. शेजारच्या रानवाल्यांनी त्याबद्दलही मामांना नावं ठेवली.

आज मामा नाहीत. रान मामेभावानं वाट्यानं दिलंय, आणि तणनाशक आल्यापासून भांगलायला फारसं कुणी लागत नाही. मी सांगलीला शिकवते. रोमन व्यापाराचा धडा आला की सोळा नाणी, दोनात पाव, हे फळ्यावर लिहिते. मुलं उतरवून घेतात. तेव्हा मला सरांची ती खोली आठवते, टेबलावर सोडलेला हातरुमाल, आणि खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेली, हिरव्या लुगड्यातली मावशी.