उघारी

भाईंदरच्या एका खाजगी शाळेत जिन्याखालच्या खोलीला संग्रहालय म्हणत. तेथे एक भग्न वीरगळ होता, काही झिजलेली नाणी होती, आणि १९९६ च्या हिवाळ्यात तेथे एक काळी, जाड, कमरेइतकी उंच फळी येऊन पडली. प्राथमिक वर्गांच्या नव्या इमारतीचा पाया खणताना ती सापडली होती. संस्थेचे अध्यक्ष पंढरीनाथशेठ यांनी ती प्राचीन देवळाचे दार असल्याचे गावभर सांगून टाकले. रविवारी तिचे अनावरण व्हायचे होते. सोबतची पाटी लिहिण्याचे काम इतिहासाच्या शिक्षिका शुभदा गोठोसकर यांच्याकडे आले.

शुभदाबाई गिरगावातून मीरा रोडला राहायला आल्या होत्या. शाळेत त्यांना अजून कायम केलेले नव्हते. कायम करण्याच्या आदेशावर सही पंढरीनाथशेठांचीच व्हायची होती.

फळी पाहताच त्यांच्या मनात शंका उभी राहिली. दाराच्या बिजागऱ्या बाजूला असतात. या फळीच्या लोखंडी कड्या वरच्या कडेला होत्या. शिवाय एका अंगाला कालवांची कवचे घट्ट चिकटलेली होती. देवळाच्या दाराला कालवे धरत नाहीत. खाडीचे पाणी तेथून वाहत असेल, तर लहान मुलांचे वर्ग बुजवलेल्या चिखलावर उभे राहणार होते. एवढे मनात आल्यावर गप्प बसणे त्यांना शक्य राहिले नाही.

फळीचा फोटो घेऊन त्या जुन्या माणसांना विचारायला खाडीकाठच्या मोरवा गावात गेल्या. एका घराच्या ओटीवर म्हातारे धर्माजी जाळे विणत बसले होते. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"उघारी हाय ती."

"उधारी? कोणाची?"

धर्माजी खो खो हसले. "बाईंना वाण्याचं दुकान आठवलं गं!"

आतून सून सुगंधा झपाट्याने बाहेर आली आणि तिने फोटो काढून घेतला. "बाबा, गप र्‍हावा. बाई, त्यांना न्हाय काय म्हाईत."

शुभदाबाई रिकाम्या हाताने परतल्या. झालेले बोलणे त्यांनी अध्यक्षांच्या कानावर घातले, हीच त्यांची चूक झाली.

"उधारी म्हणाला? म्हणजे फळीवर हक्क सांगून पैसे काढणार. त्या लोकांत पुन्हा जाऊ नका, मॅडम. देवळाचं दार लिहा नि मोकळ्या व्हा. तुमचा कागद माझ्या टेबलावरच आहे, हे काय मी सांगायला हवं?"

शुक्रवारी सातवीच्या वर्गात मोरव्याची एक मुलगी धडा वाचत होती. "राजाचा घोरा उधळला." वर्ग हसला. बाईंनी सवयीने फळ्यावर लिहिले: घोडा. "'र' नाही, 'ड'." ते शब्द तोंडातून निघाले आणि त्यांचा खडू जागीच थांबला. उघारी. उघाडी. जे अक्षर पुसण्यासाठी ही शाळा रोज खपत होती, त्याच अक्षराने त्यांना उत्तर दिले होते, आणि त्यांनी ते ऐकले नव्हते.

त्याच संध्याकाळी त्या पुन्हा ओटीवर उभ्या राहिल्या. "धर्माजीबाबा, उघाडी म्हणजे काय?"

या वेळी म्हातारा हसला नाही. "बांधातली झडप. भरती आली का खारं पानी तिला रेटतं, ती आपसूक लागते. ओहोटीला शेतातलं पानी ढकलतं, ती उघरते."

"शाळेच्या जागेत नाला होता?"

धर्माजींनी सुनेकडे पाहिले. सुगंधा उंबऱ्यातच उभी होती. "जमीन आमच्या दिरानी विकली, बाई. नाला बुजवून, भराव झाल्यावर विकली. आता नाला सांगितला तर शेठ आमच्या दारात येईल." मग तिचा आवाज उतरला. "आमच्या धाकट्या पोरीचा, रसिकाचा वर्ग तिथंच बसनार ना?"

"हो."

"भरावाखाली पानी वाट सोडत न्हाय," धर्माजी म्हणाले. सुगंधाने या वेळी त्यांना गप्प केले नाही.

शनिवारी संग्रहालयात येऊन पंढरीनाथशेठांनी पाटीचा मसुदा वाचला. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "उघाडी लिहा. मला लाज नाही. माझा आजाही खाडीकाठच्या खाजणातच राबला. फक्त कुठं सापडली, ते गाळा."

"या खोलीतल्या प्रत्येक वस्तूखाली जागा लिहिलेली आहे."

"तुमचंही घर आहे, मॅडम."

"आहे," शुभदाबाई म्हणाल्या. त्यांनी शेठांच्या हातातला मसुदा परत घेतला.

रविवारी पडदा सरकला तेव्हा पालक पाटीभोवती दाटले. 'उघाडी. खाडीच्या नाल्यावरील झडप. प्राथमिक इमारतीच्या पायात, मूळ जागी सापडली.' पंढरीनाथशेठ टाळ्या वाजवत पुढच्या वस्तूकडे वळले. लोकही त्यांच्यामागे निघाले. शुभदाबाईंना वाटले, पाटी लिहिली गेली आणि वाचलीही गेली, पण तिचा अर्थ कोणापर्यंत पोचलाच नाही.

तेव्हा गर्दीच्या मागून सुगंधाचा आवाज आला. दिराच्या बायकोने तिचा हात धरला होता. तो सोडवत ती बोलत होती.

"शेठ, उघारी आत आणून ठेवलीत. मंग भरतीला पानी आरवनार कोन?"

कोणी हसले नाही. 'आरवणार' की 'अडवणार', हे तेथे कोणालाच विचारावे लागले नाही. एका पालकाने पायाचा नकाशा मागितला, मग दुसऱ्याने.

त्या आठवड्यात खोदकाम थांबले. शुभदाबाईंचा आदेश त्या वर्षी निघाला नाही, आणि पुढच्या वर्षीही नाही.