उगाजिन-सानांचं कौतुकाचं कार्ड

तोकिए शिरोता बुधवारी कुणाशी एक शब्दही बोलत नसे. कुणावर राग होता असं नाही. बुधवारी तिची सुट्टी असायची आणि घरात बोलायला कुणी नव्हतं. आई होती तोवर टीव्हीचा आवाज कमी कर, गोळी घेतलीस का, असं काहीबाही चालायचं. आई गेल्यावर तेही थांबलं. गुरुवारी सकाळी दुकानात आल्यावर तिचा आवाज घोगरा निघायचा, आणि शेजारच्या टेबलावर डब्यात भात भरणाऱ्या मोरोइ-सान हटकून विचारायच्या, "काय गं, काल गाण्याच्या स्पर्धेत पहिली आलीस वाटतं?"

आमचं दुकान तोचिगी प्रांतातल्या एका लहान गावात, स्टेशनपासून जरा आतल्या बाजूला. भाजी, मासे, दूध, साबण, सगळं एका छपराखाली. मी तिथे वजनकाटे, लेबल छापायची यंत्रं आणि कॅमेरे सांभाळायचो. तोकिए-सान तयार पदार्थांच्या काउंटरवर होती. सतरा वर्षं तिने तिथे तळणच केलं. बटाट्याचे चपटे कोरोक्के, भोपळ्याचे काप, कोंबडीचे तुकडे. पहिला घाणा दहा चाळीसला निघायचा. मी यंत्राच्या नोंदी पाहिल्या आहेत, सतरा वर्षांची सवय त्यात दिसते. दहा अडतीसच्या आत नाही आणि दहा बेचाळीसच्या पुढे नाही.

पहिल्या घाण्यातले कोरोक्के पंधरा मिनिटांत संपत. बालवाडीत मुलांना सोडून आलेल्या आया आणि रस्त्याच्या कामावरची माणसं ते उचलून नेत. दुसरा घाणा साडेअकराला. उगाजिन-सान या नेहमीच्या म्हाताऱ्या ग्राहकाची बस यायची अकरा पाचला आणि परतीची सुटायची अकरा पंचवीसला. पुढची थेट दुपारी. म्हणजे त्या म्हाताऱ्याला ताजा कोरोक्के मिळण्याचा योग वेळापत्रकातच नव्हता. म्हणून तोकिए-सान पहिल्या घाण्यातले दोन कागदी पिशवीत घालून आतल्या फळीवर ठेवायची. म्हातारा पूर्ण किमतीला घ्यायचा. दुकानाचं एका नाण्याचंही नुकसान नव्हतं.

उगाजिन-सान चौऱ्याऐंशी वर्षांचे. जन्मभर तातामीच्या चटया शिवल्या, त्यामुळे उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. ते काठी काउंटरला टेकवायचे आणि म्हणायचे, "आहेत का आमचे?"

"आहेत की. तुमचे कोण पळवतंय?"

"आज वारं काय सुटलंय! टोपी धरू का काठी धरू कळेना."

"टोपी सोडा. टोपी दहा दुकानांत मिळते. कंबर नाही मिळायची."

म्हातारा हसायचा. एकदा म्हणाला, "सून म्हणते, बाबा, तुम्हाला हल्ली भास होतात. वृद्धाश्रमाची पत्रकं आणून ठेवलीत टेबलावर. मी म्हटलं, माझे दोन कोरोक्के रोज जागेवर असतात. तो काय भास?"

"तिला एक नेऊन द्या. भास कसा लागतो ते कळेल."

एवढंच. अर्ध्या मिनिटाच्या वर त्यांचं बोलणं कधी गेलं नाही. पण तोकिए-सानच्या दिवसात यापेक्षा लांब बोलणं दुसरं नव्हतं. "या, यावं" आणि "पुन्हा यावं" हे तर सगळ्यांनाच म्हणायचं असतं, ते बोलण्यात धरता येत नाही.

एप्रिलमध्ये नवे मॅनेजर आले. हासुनुमा, वय छत्तीस, मुख्य कार्यालयातून. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडे नियम कोण मोडतं याचा एक तक्ता होता आणि दर महिन्याला तो भरून वर पाठवायचा असे. मालाच्या खोलीतून दुकानात येताना दाराशी थांबून ग्राहकांच्या दिशेने वाकायचं, हा आमच्याकडचा जुना नियम. समोर ग्राहक असो नसो, वाकायचं. जूनमध्ये तोकिए-सान दोन्ही हातांत गरम ट्रे घेऊन त्या दारातून आली आणि न थांबता पुढे गेली. कॅमेऱ्यात दिसलं. ते चित्रण मीच काढून दिलं. मागितलं, दिलं. तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

"ट्रेमध्ये तेल होतं," ती म्हणाली.

"ट्रे खाली ठेवून वाकता आलं असतं," मॅनेजर म्हणाले.

तिने माफीनामा लिहिला. दुसरा माफीनामा झाला की माणसाला ग्राहकांसमोरच्या कामावरून काढायचं, हे तेव्हाच तिला सांगण्यात आलं.

त्यानंतर मासळी विभागात कुणीतरी एक प्रकार केला. संध्याकाळी उरलेल्या मालावर अर्ध्या किमतीची चिकटपट्टी लागते. कुणीतरी चांगला मासा दिवसभर बर्फाखाली लपवून ठेवला आणि पट्टी लागल्यावर स्वतःच विकत घेतला. कोण ते सापडलं नाही. मॅनेजरांनी नवा नियम काढला: कुठल्याही कर्मचाऱ्याने कुठलाही माल, कुणासाठीही, बाजूला ठेवायचा नाही. ठेवला तर तो लपवला असं धरलं जाईल.

नियम झाला त्या दिवशी तोकिए-सान पिशवी हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली, आणि मग तिने ती फळीवर ठेवली. मोरोइ-सान म्हणाल्या, "अगं, साहेबच मुख्य कार्यालयातल्या विभागप्रमुखांसाठी सुशीचा ट्रे आत ठेवतात दर शुक्रवारी. तुझ्या दोन कोरोक्क्यांना कोण विचारतंय?"

नोव्हेंबरात उगाजिन-सानांनी कार्ड लिहिलं.

दाराजवळ एक पेटी आहे. ग्राहकाने कार्डावर तक्रार किंवा सूचना लिहायची. आठ दिवसांत ते कार्ड, खाली मॅनेजरांच्या उत्तरासह, भिंतीवरच्या फळ्यावर लागलंच पाहिजे असा मुख्य कार्यालयाचा दंडक. लोक सहसा नाव न घालता लिहितात. उगाजिन-सानांनी नाव घातलं, वय घातलं, वर सहीऐवजी वापरतात तो नावाचा शिक्काही मारला. थरथरत्या पण नेटक्या अक्षरात होतं:

"तळणाच्या काउंटरवरच्या शिरोताबाई फार मायेच्या आहेत. माझी बस उशिरा येते म्हणून त्या बुधवार सोडून रोज पहिल्या घाण्यातले दोन कोरोक्के माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. तीन वर्षांत एकदाही विसरल्या नाहीत. अशा माणसाचा दुकानाने मान राखावा."

मोरोइ-सानांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "म्हातारा हार घालायला आला आणि फास आवळून गेला."

मॅनेजरांनी तिला मागच्या छोट्या खोलीत बोलावलं. मलाही बोलावलं, लेबलच्या नोंदी घेऊन. टेबलावर कार्ड होतं. त्याच्या शेजारी कोरा कागद.

"शिरोता-सान, हे खरं आहे का?"

"खरं आहे."

"नियम माहीत होता?"

"माहीत होता. ते पूर्ण पैसे देतात. त्यांची बस..."

"बसचं मला सांगू नका. मासळीत जे झालं, त्यानंतर मी एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुमच्यासारखं तळण कुणाला जमत नाही. मलाही तुम्हाला हलवायचं नाही. एक करता येईल. तुम्ही लिहून द्या की असं काही केलेलं नाही. मी फळ्यावर उत्तर लावतो: चौकशी केली, असा प्रकार आढळला नाही, ग्राहकांचा गैरसमज झाला असावा. विषय संपला."

तोकिए-सान कार्डाकडे बघत होती. "म्हणजे ते खोटं बोलले."

"खोटं कुठे म्हणतोय मी? गैरसमज. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. या वयात होतं. कोणी मनावर घेणार नाही."

"त्यांची सून याच दुकानात येते," ती म्हणाली. "शनिवारी. फळ्यासमोर उभी राहून सगळी कार्डं वाचते."

"मग?"

तिने कार्डाची कड बोटाने सरळ केली. मी नोंदींचा कागद उलगडत होतो आणि पुन्हा घडी घालत होतो. मला सुनेचं प्रकरण तेव्हा माहीत नव्हतं, ते नंतर मोरोइ-सानांकडून कळलं. पण तिचा चेहरा पाहून एवढं समजलं की तिचं ठरलंय.

"कागद द्या," ती म्हणाली.

माफीनामा हाताने लिहायचा असतो आणि खाडाखोड चालत नाही. तिने लिहिलं, "मी दोन कोरोक्के बाजूला ठेवले." मॅनेजरांनी वाचून कागद परत केला. "बाजूला ठेवले नाही. नियमात शब्द आहे तो लिहा. लपवले."

"लपवले नाहीत हो. फळीवर समोरच असायचे. तुम्ही स्वतः पाहिलेत."

"मी पाहिले असतील तर मलाही माफीनामा लिहावा लागेल," मॅनेजर म्हणाले आणि हसले. आम्ही कुणी हसलो नाही. तिने दुसरा कागद घेतला, पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं, "लपवले" लिहिलं, आणि पिशवीतून शिक्का काढून खाली उमटवला. शिक्का जरा तिरका बसला, तर मॅनेजर म्हणाले, चालेल.

बाहेर आल्यावर मोरोइ-सान म्हणाल्या, "मासा खाणारा मजेत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी. तू वेडी आहेस, तोकिए. एक ओळ लिहायची होती."

"लिहिली की," तोकिए-सान म्हणाली आणि एप्रन काढायला गेली.

फळ्यावर कार्ड लागलं. खाली मॅनेजरांचं उत्तर: "आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल मनापासून आभार. ही भावना आम्ही सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवली आहे."

तिला भाजीच्या खोलीत टाकलं. तिथे मुळे कापायचे, कोबी अर्धे करायचे, पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. थंड खोली, एक दार, खिडकी नाही. भाजीवाले दोघे पहाटेच माल उतरवून जात, त्यामुळे दिवसभर ती आणि गुंडाळायचं यंत्र. मोरोइ-सान एकदा आत डोकावून म्हणाल्या, "तुझा आता रोजच बुधवार." चेष्टा होती, पण बोलून झाल्यावर त्यांनाच कसंसं झालं असावं. दुसऱ्या दिवसापासून त्या आत येईनाशा झाल्या. मी यंत्राची पट्टी बदलायला जायचो. ती मान हलवायची, मी मान हलवायचो. आपण काढून दिलेल्या चित्रणाबद्दल माणूस काय बोलणार?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, मी सायकलींच्या छपराखाली डबा खात होतो. ती पलीकडच्या पायरीवर एकटी बसली होती. तेवढ्यात उगाजिन-सान इमारतीला वळसा घालून, काठी टेकत, हातात एक डबा सांभाळत आले. तिला सुट्टीत गाठायचं म्हणून परतीची बस सोडून तीन तास गावात थांबले होते.

"सापडलात!" ते म्हणाले. "अभिनंदन, शिरोताबाई, अभिनंदन!"

ती उठून उभी राहिली. बाहीला मुळ्याचं पान चिकटलेलं होतं.

"मला वाटलंच होतं. माझं कार्ड लागलं आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही तिथून गेलात. कुठे बसवलं? ऑफिसात?"

तिने बाहीवरचं पान झटकलं. "आत आहे," ती म्हणाली. "भाजीचं सगळं माझ्याकडे असतं आता."

"भाजीचं सगळं! वा!" म्हाताऱ्याने डबा पुढे केला. शुभकार्याला करतात तो लाल भात होता, वर तीळ. "सुनेला म्हटलं, माझ्या एका कार्डावर माणूस वर गेला. फळा वाचून आली बरं का ती. म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणत होता ते खरंच होतं की. पत्रकं उचलली टेबलावरची."

"बरं झालं," तोकिए-सान म्हणाली. "फार बरं झालं."

"तुमचं बरं झालं ते महत्त्वाचं. आता आमचं काय! नवी मुलगी गोड आहे, पण माझ्या वेळेला तिच्याकडे काही नसतं. बसथांब्याजवळ ते छोटं दुकान आहे ना, रात्रंदिवस चालतं ते? तिथे काचेच्या पेटीत गरम असतात म्हणे. उद्यापासून तिथेच उतरावं म्हणतो. इथवर चालत येणं नको. तुम्हीही कामात."

मी घास तसाच धरून बसलो होतो. मला वाटलं, आता तरी ती सांगेल. निदान म्हणेल की येत जा, मी बाहेर येईन.

"तिथले चांगले असतात," ती म्हणाली. "अकराच्या सुमाराला ताजे काढतात. आधी विचारून घ्या, कधी काढले ते. शिळे असले तर घेऊ नका."

"विचारतो, विचारतो." म्हातारा वाकला, ती वाकली. म्हाताऱ्याने पुन्हा वाकून घेतलं, म्हणून तीही पुन्हा वाकली. काठीचा आवाज इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

ती पायरीवर बसली, डब्याचं झाकण काढलं आणि जेवायच्या लाकडी काड्या मोडून वेगळ्या केल्या. मी उठून जवळ गेलो.

"त्यांना खरं का नाही सांगितलंत?"

"मग हा भात त्यांनी कुणाला दिला असता?" ती म्हणाली. सुट्टीची नऊ मिनिटं उरली होती. तिने भात सावकाश खाल्ला, शेवटचं शीत काड्यांनी उचललं, डबा आतल्या नळावर धुतला आणि मुळे कापायला गेली.