आळ्याचे दोन नारळ

पेठेचा रखमाजी भित्रा, हे गावातली शेंबडी पोरंही सांगायची. "काय रखमाजी, साईबाबा जाग्यावर हायेत न्हवं? बघून आलास ना?" असं लोक खुशाल विचारायचे. त्यालाही कारण होतं. रामनवमीला शिर्डीला पायी दिंडी निघायची, त्याआधी पंधरा दिवस हा गडी एसटीनं सगळी वाट फिरून मुक्कामाच्या घरोघरी नारळ देऊन यायचा. नारळ देव्हाऱ्यात ठेवला, की चाळीस माणसांचं जेवण आणि निवारा त्या घरानं अंगावर घेतला.

पूर्वी हे नव्हतं. देवाला निघालेल्यानं दार मागायचं नाही, असा दिंडीचा नियमच होता. कुणी बोलावलं तर जायचं, नाहीतर उघड्यावर पडायचं. चौऱ्याण्णव साली नारायणगावच्या पुढं आळे गावात कुणी बोलावलं नाही, दिंडी रस्त्याकडेलाच आडवी झाली. रखमाजीची बायको सारजाबाई म्हणाली, "त्या घरात उजेड हाय. इचारा की वो." रखमाजीनं तिला नियम सांगितला. पहाटे एक ट्रक रस्ता सोडून खाली उतरला आणि सारजाबाई झोपेतच गेली.

तेव्हापासून भीतीनं त्याच्या पोटात घर केलं. ट्रकचा हॉर्न वाजला तरी हातातला घास गळून पडायचा. आणि दोन हजार तीन साली तर त्यानं कहरच केला. आळ्यात कुंडलिकला नेहमीसारखा नारळ दिला, बाहेर पडला आणि मनात आलं, ऐनवेळी ह्याच्याकडं सुतक पडलं तर? नऊ वर्षं ज्या घराकडं मान वळवून बघितलं नव्हतं, त्या रस्त्याकडेच्या उजेडाच्या घरी गेला आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या ठमाबाईच्या हातात दुसरा नारळ दिला. एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. वा रे शहाणा!

दिंडी निघाली आणि त्याच्या डोक्यात एकच घोळ सुरू झाला. दोघांनीही दार लावलं तर बायका झोपायच्या कुठं? आणि दोघांनीही उघडलं तर तोंड कुठं लपवायचं? नारायणगाव सोडलं तसा तो दिंडीच्या मागं मागं रेंगाळू लागला.

आळ्यात दोघंही वाट बघत उभी. कुंडलिकच्या अंगणात मांडव, चुलीवर भाताचं पातेलं. समोर ठमाबाई, हातात नारळ. कुंडलिकला कळायला वेळ लागला नाही.

"दोन नारळ? आमच्या शब्दावर भरवसा न्हाई व्हय, रखमाजी?"

दिंडीतली माणसंही त्याच्यावर तुटून पडली. रखमाजी रस्त्यातच मटकन बसला. "मला लई भ्या वाटतं, राव," तो म्हणाला. "दरसाली वाटतं. लाज सोडून सांगतो."

ठमाबाई हळूहळू चालत जवळ आली.

"त्या साली मी कडी काढून बसले व्हते, भाऊ," ती म्हणाली. "एकल्या बाईनं परक्या गड्यांना हाक कशी मारायची? म्हनलं, कुणीतरी दार वाजवंल. कुणी वाजवलंच न्हाई."

"सारजा म्हनत व्हती," रखमाजीच्या तोंडून एवढंच निघालं, आणि तो सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला.

शेवटी कुंडलिकनंच मार्ग काढला. गडीमाणसं त्याच्याकडं, बायका ठमाबाईकडं. बायका आत गेल्या, पिशव्या ठेवल्या, पाय धुतले. रखमाजी मात्र उंबऱ्याबाहेर उभाच होता. दार सताड उघडं होतं. तरी त्यानं ते वाजवलं.