फिजिक्सच्या पेपरचं भरीत

“मराठीत सांग,” मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

दर रविवारी सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मी मुलांना मराठी शिकवतो. एरवी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो. ते निदान उलट उत्तर देत नाहीत. वर्गाचा नियम एकच: इंग्रजीत काही बोललात, की तेच मराठीत सांगायचं.

त्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा आल्या आल्या इथल्या इंग्रजीत म्हणाला, “फिजिक्स पेपर रेप्ड अस, लाह!” मित्र खिदळले. मीही ओशाळं हसलो, आणि सवयीने ‘मराठीत सांग’ म्हणून बसलो.

पोरगा आज्ञाधारक. “पेपरने आमच्यावर...” एवढं म्हणून थांबला. कान लाल. “सर, मराठीत फारच वाईट वाटतं.”

मागे बसलेल्या मुलीने वही बॅगेत टाकली आणि चेन ओढायला घेतली. वर्गात ती एकटीच मुलगी. तिने यावं म्हणून मी तिच्या आईच्या हातचा बिनसाखरेचा चहा गोड मानून प्यायलो होतो. आज उठून गेली, तर परत यायची नाही.

मला एक भाषण सुचलं, पण ते ‘आमच्या वेळी’पासून सुरू होत होतं. गिळलं.

“इंग्रजीतही तितकंच वाईट आहे,” मी म्हणालो. “ज्याच्यावर असं गुदरलंय, तो माणूस आपल्या शेजारीही बसलेला असू शकतो. कपाळावर लिहिलेलं नसतं. या खोलीत त्यावर विनोद नाही. आता सांग, पेपर कसा गेला?”

“सॉरी सर.” तो खाली बघत म्हणाला, “पेपरने आमचं भरीत केलं.”

“चटणी!” दुसरा ओरडला.

“पिठलं!”

“पिठलं कसं करेल?”

“माझे बाबा करतात तसं. गुठळ्या गुठळ्या.”

वर्ग हसला. मुलीची चेन अर्ध्यावरच थांबली होती.

तास सुटल्यावर मी तिला दाराशी गाठलं. “पुढच्या रविवारी येशील ना?”

“सर, तुम्हीपण हसलात.”

“चुकलं माझं. सॉरी.”

“बघते,” म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. कपाळाचं वाक्य तर दोनदा. ती कणीक मळता मळता ऐकत होती.

“हसलास सगळ्यांसमोर,” ती म्हणाली, “आणि सॉरी दाराशी?”