बाईंनी सोडून दिलेला वाद

आमच्या भूगोलाच्या बाईंना वादात हरलेलं पंचवटीत कुणी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे जाणाऱ्याला चहाबरोबर वाद मिळायचाच. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे त्याच शाळेत विज्ञान शिकवू लागलो. त्यामुळे माझी तर सुटकाच नव्हती.

हवामान बिघडतंय, हे बाईंना मान्य होतं. ते माणसामुळे बिघडतंय, हे मात्र त्या मानत नसत. "अरे, पृथ्वीवर हिमयुगं आली नि गेली. तेव्हा कुणाच्या गाड्या होत्या?" असं त्या विचारायच्या. मी कोळशाचं, धुराचं सांगायचो, मोबाइलवर तापमानाचा आलेख दाखवायचो. चष्मा लावून तो नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "वर गेलाय तसा खालीही येईल. जरा धीर धर."

त्यांची भाची सुनंदा सिन्नरजवळ द्राक्षबाग करायची. बाईंनीच तिला लहानाची मोठी केलेली. आधीचे दोन हंगाम अवकाळी पावसात गेले होते, आणि यंदा माल तोडणीला आला असताना गारपीट झाली. मी बाईंना गाडीतून घेऊन गेलो. वेलींखाली मण्यांचा नुसता चिखल होता, आंबूस वास सुटला होता. सुनंदा रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आत्या, बाग काढून टाकते. लय झालं आता."

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "तुझं म्हणणं मला केव्हाच पटलं होतं रे."

मग इतकी वर्षं भांडलात कशाला, असं मी विचारलं.

"निसर्गानं केलं असेल, तर तो कधीतरी आवरेल. माणसानं केलं असेल, तर माणसानंच आवरायला हवं. जन्मभर माणसं बघतेय मी. कोण आवरणार?"

त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. मी मुद्दाम डिवचायचो. त्या "असेल बाबा" म्हणून दुसरं काही बोलायला लागायच्या. एकदा तर मीच त्यांच्या बाजूनं बोलू लागलो, तेव्हा त्यांनी हातानंच मला थांबवलं.

मे महिन्यातल्या काहिलीत बाई गेल्या. शाळा उघडल्यावर नववीला मी तापमानवाढ शिकवत होतो. कारणं फळ्यावर लिहून झाली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, माणसांमुळेच होतंय म्हणजे माणसं थांबवू शकतात ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पुढचं पान काढायला सांगितलं.