मखुश्ला नावाची बाई

ती केस आजही आठवते, जरी कुठल्याच ठाण्यात तिची नोंद नाही. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी लेकीकडे अमिरातीतल्या अल ऐनला राहायला आलो, तेव्हाची ही गोष्ट.

खबर घेऊन आला तो शेजारी. मूळचा वसईचा, इथे हॉटेलात मॅनेजर. "काका, एक बाई शोधायचीय. आयर्लंडची. मम्मीने तिचा ध्यास घेतलाय."

त्याच्या मम्मीचे आजोबा आयरिश. रेल्वेच्या नोकरीसाठी मुंबईत आले, वसईच्या मुलीशी लग्न केले आणि तिथलेच झाले. शेवटच्या आजारात त्यांना मराठी आठवेना, इंग्रजीही सुचेना. बायकोकडे बघत एकच नाव घेत राहिले: मखुश्ला. बायकोने ठरवून टाकले की तिकडे आधीची कोणीतरी आहे. पुढे मरताना तिने बजावले, मला त्यांच्या शेजारी पुरू नका. तिची कबर कबरस्तानाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

"चर्चची रेकॉर्ड्स बघितली, डीएनए टेस्ट केली," शेजारी म्हणाला. "आयर्लंडमधले दूरचे कझिन्ससुद्धा सापडले. पण ह्या नावाची बाई त्यांच्यात कोणालाच माहीत नाही. मी म्हटलं मम्मीला, खलास, सोड आता. ती ऐकेल तर ना!"

मी त्याच्या घरी गेलो, तर म्हाताऱ्या मम्मीचे म्हणणे वेगळेच होते. "वर गेल्यावर आजी पहिलं हेच विचारेल, साहेब. कोण होती ती? मी काय सांगू?"

मी खुर्ची ओढली आणि जबाब घ्यायला बसलो.

साक्षीदाराने काय ऐकले आणि त्यावरून काय ठरवले, हे मी नेहमी वेगळे विचारत आलो. लोक खोटे कमी बोलतात. ऐकलेल्यात आपले ठरवलेले मिसळून सांगतात आणि तेच खरे धरून चालतात. म्हणून मी नावाचा विषयच काढला नाही.

"आजोबा तुमच्याशी कसे बोलायचे?"

"मोडकंतोडकं मराठी. पण मायाळू हो! मला ताप आला की उशाशी बसून विचारायचे, खुशाल? खुशाल?"

"तापाने फणफणलेल्या पोरीला खुशाल?"

त्या हसल्या. "मराठी कच्चं ना त्यांचं."

मला मात्र हसू आले नाही. "डोळे मिटा. ते म्हणायचे अगदी तस्सं म्हणा."

त्यांनी डोळे मिटले. ओठ दोनदा हलले. "अ... खुश्ला."

"मम्मी!" शेजारी उठून उभाच राहिला.

माणूस एक, शब्द एक. बायकोला त्यात सवत ऐकू आली आणि नातीला खुशाली. प्रेयसीच्या नावाने कोणी नातीला हाक मारत नाही. म्हणजे ते नाव नव्हतेच. मग होते काय?

माझी लेक इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. तिच्या वॉर्डात एक आयरिश सिस्टर होती. म्हातारीच्या बीपीच्या तपासणीला आम्ही सगळेच गेलो. ओळख परेड होती, फक्त शब्दाची.

सिस्टरने सवयीप्रमाणे म्हातारीचे मनगट धरले. मी खूण केली. म्हातारी म्हणाली, "मखुश्ला."

सिस्टर एकदम थांबली. तिचे डोळे भरून आले. ती मुलाशी इंग्रजीत हळूहळू काही बोलली आणि बोलता बोलता मनगटावरची बोटे तिने जरा दाबली.

"मम्मी," मुलगा म्हणाला, "ही म्हणते, आयर्लंडची स्वतःची जुनी भाषा आहे, त्यातला हा शब्द. तिची आजी तिला म्हणायची. त्याचा अर्थ..." त्याने सिस्टरच्या बोटांकडे दाखवले. "ही. माझी नाडी. जिवाच्या माणसाला लाडाने म्हणतात."

म्हातारीने दुसऱ्या हाताने आपली नाडी चाचपली आणि माझ्याकडे वळली. "म्हणजे आजीलाच म्हणत होते?"

"त्यांच्यासमोर दुसरं होतं कोण?"

नोकरीत मी पुष्कळ फरारी शोधले. नसलेल्या बाईचा छडा लावल्याचा जेवढा आनंद झाला, तेवढा एकाही अटकेने दिला नाही. एक शब्द कळला नाही, आणि विचारायचा राहिला, एवढ्यावर एका बाईने जन्माची जोडी कबरस्तानात मोडली. तेव्हापासून मी घरातही विचारून घेतो. लेक वैतागते, वैतागू दे.

गाडीत बसल्याबरोबर म्हातारीने वसईला भाचीला फोन लावला. हुकूम स्पष्ट होता.

"आज कबरस्तानात जा गो. आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लाव. तिच्यावरच दुसरी पेटव आणि न विझवता आजीकडे ने. तिला सांग, ती तूच होतीस."