भुकेलं पाणी

राठोडमामा बादलीतल्या पाण्यात पांढरे खडे ओतायचे, काठीने ढवळायचे आणि बादलीच्या पोटाला तळहात लावून गप्प बसायचे. चूल नाही, गॅस नाही, तरी पाणी गरम होत जायचं. अंगाइतकं कोमट झालं की म्हणायचे, "झालं जागं." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्यांना ऐकवलं, "मामा, कॅल्शियम क्लोराइड विरघळताना उष्णता बाहेर पडते. अकरावीला शिकवते मी हे." ते हसले. "तुमी शिकविता, मॅडम. बाटल्या तर मीच धुतल्या की. पन एकडाव हात लावून बघा." मी हात लावला आणि सगळं ठाऊक असूनही लगेच काढून घेतला.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि मामा तिथे प्रयोगशाळेत परिचर होते. पुसेगावकडच्या एका तांड्यावरचे. उंच आणि ताठ माणूस, सगळ्यात वरच्या फळीवरची ॲसिडची बाटली टाच न उचलता काढायचे. एखाद्या पोराच्या हातून ब्युरेट फुटली तर ओरडायचे नाहीत. "काचच हाय, तिला फुटायची सवय हाय," म्हणत झाडू आणायचे. निवृत्तीनंतर माणसं शेतीत रमतात, भजनात रमतात. मामांनी घरात समुद्र आणला.

त्याचं असं झालं. कनेरगाव नाक्याजवळ एका हौशी माणसाने पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल काढलं होतं. मामा तिथे अधूनमधून तलावाचं पाणी तपासून द्यायचे. हॉटेलात शिरल्या शिरल्या खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तिच्यात जिवंत प्रवाळ. हॉटेल लवकरच बसलं. मालक सामान वाटत सुटला तेव्हा मामांनी ती टाकी मागून घेतली आणि तलावासाठी आणलेलं कॅल्शियम क्लोराइडचं पोतंही उचललं. प्रवाळ तोवर मरत मरत सुपारीएवढं उरलं होतं.

"या वयात हा उपद्व्याप कशाला, मामा?"

"आमचे वाडवडील बैलावर मीठ लादून आनायचे, मॅडम. समुद्रावून. मीठ आनलं, पानी तिथंच ऱ्हायलं. तेवढं आनायचं बाकी होतं." हे सांगणाऱ्या माणसाने समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

पोतं आलं तसे ते मूठभर खडे कागदात बांधून माझ्याकडे घेऊन आले. "ह्यात खोट किती हाय, बराबर बघून द्या. तलावाचा माल हाय, जिवाला बाधंल." मी म्हणाले, बाजारातला कचरा कशाला तपासत बसता, आपल्या कपाटातलं शुद्ध न्या थोडं. चोरी करायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी मुकाट्याने तपासलं. लोखंड नाही, अमोनिया नाही, माल चांगला निघाला. तलावात हे कशाला टाकतात, ते मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि मी तसं कबूल केलं. मला शिकवायला मिळालं म्हणून मामा खुलले.

"पानी भुकेलं असलं की भिंतीचं शिमिट खातं. म्हून त्याला आधी हे चारायचं. पोट भरलं की भिंत सोडतं. पोवळ्याचंबी तसंच हाय. त्याला अंग बांधायला हेच लागतं. पान्यात भेटलं न्हाई तर..." एवढं बोलून त्यांनी खड्यांची पुडी बांधली.

त्यांचं घर रेल्वे स्टेशनच्या मागल्या गल्लीत. दार उघडलं की वास यायचा ओल्या शंखशिंपल्यांचा, आणि बाहेर हिंगोलीचा वैशाख. पुढच्या खोलीत निळा उजेड. शेजारच्या बाया हळदीकुंकवालासुद्धा उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत. मामा सकाळी कॅल्शियमचं पाणी घालायचे आणि दुपारनंतर खायच्या सोड्याचं; प्रवाळाला अंग बांधायला दोन्ही लागतात. दोन्ही एकदम पडली तर टाकीत पांढरा गाळ धरतो. "ह्या दोघी जावा हायत," ते बजावायचे, "एकीचं आटपलं की मंग दुसरीनं यावं." दर शनिवारी टाकीतलं पाणी बाटलीत भरून ते कॉलेजात आणायचे, मी थेंब मोजून त्यातलं कॅल्शियम सांगायची. लिटरमागे चारशे वीस मिलिग्रॅम, म्हणजे समुद्रात असतं तेवढं असलं की त्यांचं समाधान व्हायचं. प्रवाळ सुपारीचं लिंबाएवढं झालं, लिंबाचं मुठीएवढं.

शेवंताबाई, त्यांची बायको, टाकीकडे कधी पाठ करून बसत नसे. तिच्याकडे एकच काम होतं. पंख्याच्या वाऱ्याने टाकीतलं पाणी आटायचं, तेवढं गोडं पाणी रोज दुपारी वरून घालायचं. ते ती लांबूनच, हात ताणून घालायची. "वाढून ऱ्हायलं ते," एकदा मला हळूच म्हणाली, "पर वाढतानी दिसत न्हाई. नजर हालली की वाढतं." मी तिलाही शास्त्र सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि नजर टाकीवरून हलवली नाही.

एका शनिवारी मामा प्रयोगशाळेत आले आणि जुन्या सवयीने वरच्या फळीकडे हात नेला. हात पोचला नाही. त्यांनी टाचा उचलल्या, तरी पोचला नाही. मी गंमत केली, "फळी कुणी वर सरकवली की काय, मामा?" त्यांनाही हसू आलं, पण हसताना बरगडी धरून ते स्टुलावर बसले. पुढे नुसत्या खोकल्याने दोन बरगड्या मोडल्या तेव्हा त्यांना नांदेडला नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. हाडं चाळणीसारखी दिसत होती. रोग हाडांच्या आतला होता. "हाडांतलं कॅल्शियम निघून चाललंय," डॉक्टर म्हणाले.

शेवंताबाईने विचारलं, "कुठं?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी रक्त, मूत्रपिंड असं काही सांगितलं. मला प्रश्न कळला होता. पोत्यावरचं कॅल्शियमचं नाव मामा तिला वाचून दाखवायचे, ते मी ऐकलेलं होतं.

घरी आल्यावर मामांनी खाट पुढच्या खोलीत टाकीसमोर घालून घेतली. पोतंही त्याच सुमाराला संपलं आणि दुसरं मिळेना. मामांना बादली उचलवत नव्हती. कॅल्शियमचं आणि सोड्याचं, दोन्ही पाणी बंद झालं. आता शनिवारी मीच सामान घेऊन त्यांच्याकडे जायची. पहिल्या आठवड्यात आकडा उतरला. प्रवाळ जिवंत आहे, ते पाण्यातलं ओढणार, हे सरळ होतं. पुढच्या आठवड्यात तो उतरायचा थांबला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चारशे वीस.

मी पुन्हा केलं. नवं द्रावण, धुतलेली ब्युरेट. गुलाबीचं निळं त्याच थेंबाला झालं. प्रवाळाच्या टोकांवर नवी पांढरी वाढ स्पष्ट दिसत होती. टाकीत गोड्या पाण्याशिवाय कोणी काही घातलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा ब्युरेट भरायला मी धजले नाही, हे मी आज कबूल करते.

"म्या सांगू कुठून येऊन राहिलं?" मामा खाटेवरून म्हणाले. त्यांनी मनगट वर धरलं होतं. त्या मनगटाकडे मला बघवेना.

"काहीतरी बोलू नका, मामा. पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत काढली तुम्ही."

"म्हून तर सांगून राहिलो. कमी झालेलं कुठंतरी वाढतं, हे तुमीच शिकविलं पोरायला." त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंद होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "मातीत जान्यापरीस बरं, मॅडम. आमी पान्यात चाललो."

दिवाळीच्या आधी ते गेले. अग्नी तांड्यावरच दिला. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेली माणसं लवकर परतली. अस्थी म्हणाव्या अशा हाती लागल्याच नाहीत, मऊ राख तेवढी मिळाली, असं त्यांचे धाकटे भाऊ अंगणात सगळ्यांसमोर सांगत होते. शेवंताबाई ऐकत होती.

महिन्याभराने मी तिच्याकडे गेले. टाकी पुण्याच्या कुणाला तरी देऊन टाकावी, एकटीला ती कशाला, हे सांगायचं मनात होतं. भर दुपार होती. ती टाकीला टेकून, तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. प्रवाळ आता उघडलेल्या पंजाएवढं झालं होतं. बरोबर नेलेल्या सामानाने मी आकडा काढला. चारशे वीसच होता.

ती उठली, कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि वरचं नितळ पाणी टाकीत घालू लागली. तांब्याच्या तळाशी पांढरा साका होता.

"काय आहे ते?"

"चुन्याची निवळी." लेकरांची हाडं घट्ट व्हावीत म्हणून घरोघर देतात, तीच. "डागदरनं सांगितलं तवापासून घालून राहिले, आधी जरासं, मंग तांब्याभर. ह्यायचा डोळा लागला की. म्हनलं, हे खा, आन् त्यायला सोड. न्हाई सोडलं."

मी खाली बसले. सगळं उलगडलं होतं. निवळीत कॅल्शियम असतंच आणि सोड्याचं कामही ती करते. मला हायसं वाटलं. मग स्वतःचा राग आला आणि मग रडू.

"मामांना ठाऊक होतं?"

"न्हाई. आपलंच चाललंय म्हून खुशीत होते. कशाला सांगू?"

"मग आता का घालता? आता तर ते राहिले नाहीत."

तिचा हात थांबला नाही. "सावडतानी हाडं गावली न्हाईत, तुमीबी ऐकलं. कुठं गेली मंग?" तिने तांब्या आणखी कलता केला. "उपाशी कसं ठिवू त्यायला?"

मी एमएस्सी आहे. मला एवढंच म्हणता आलं, "एकदम ओतू नका. थोडं थोडं घाला."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्यायला घाईचं जेवन कधी सोसलं न्हाई."